मृत्यूदर, बाधितांचा दर, ‘धोका दुप्पट’ : आरोग्याचे आकडे वाचायचे कसे?

कोविडच्या काळात एक मेसेज वेगवेगळ्या रूपांत व्हॉट्सॲपवर फिरत होता. ‘रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी लस घेतली होती. मग लसीचा उपयोग काय?’ गंमत म्हणजे त्यातला आकडा अनेकदा खरा असायचा. चुकीचा असायचा तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

बाजारात भाजीवाल्याने नुसतं ‘चाळीस’ म्हटलं तर आपण लगेच विचारतो, ‘किलोला की पाव किलोला?’ हे विचारल्याशिवाय महाग की स्वस्त ते ठरवताच येत नाही. मृत्यूदर, जन्मदर, बाधितांचा दर यांतला ‘दर’ हा शब्द बाजारातलाच आहे. पण आरोग्याची बातमी वाचताना ‘किती जणांमागे?’ हा साधा प्रश्न आपण विसरतो. आणि या आकड्यांवरून लोक गोळ्या बंद करतात, लस टाळतात, नको असलेली ऑपरेशन्स करून घेतात.

म्हणून हे दर नेमके काय मोजतात आणि कुठे फसवतात, हे समजून घेऊ.

दर म्हणजे नेमकं काय?

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. आरोग्यातला जवळजवळ प्रत्येक दर म्हणजे असा एक अपूर्णांक असतो. वर घडलेल्या घटना : मृत्यू, नवे रुग्ण, अपघात. खाली ज्यांच्या बाबतीत ती घटना घडू शकली असती असे सगळे लोक. आणि त्यासोबत काळ : एका दिवसात, एका वर्षात की पाच वर्षांत?

उदाहरणार्थ, अर्भक मृत्यूदर. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर 1000 बाळांमागे किती बाळं पहिला वाढदिवस येण्याआधी दगावली, हे तो सांगतो. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार, म्हणजे एसआरएसनुसार, 2020 मध्ये भारताचा अर्भक मृत्यूदर 28 होता. महाराष्ट्राचा 16, केरळचा 6 आणि मध्य प्रदेशचा 43.

आता माता मृत्यूंचा आकडा पाहा. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर 42 दिवसांच्या आत त्याच्याशी संबंधित कारणाने झालेले मृत्यू यात मोजतात. 2018-20 या काळात भारताचा आकडा 97 होता, महाराष्ट्राचा 33 आणि आसामचा 195.

28 आणि 97 शेजारी ठेवले तर वाटेल, बाळांपेक्षा मातांचे मृत्यू तिपटीहून जास्त आहेत. तसं अजिबात नाही. बाळांचा आकडा 1000 जन्मांमागे आहे आणि मातांचा 1 लाख जन्मांमागे. दोन्ही एकाच मापात आणले तर 1 लाख जन्मांमागे बाळांचे मृत्यू 2800 आणि मातांचे 97. म्हणजे अर्भकांचे मृत्यू मातांच्या मृत्यूंच्या जवळपास 29 पट आहेत.

आणखी एक बारकावा. माता मृत्यूंच्या आकड्याखाली खरं तर सगळ्या गरोदर स्त्रिया असायला हव्यात. पण सगळ्या गरोदरपणांची मोजदाद कुठेच होत नाही. म्हणून त्या जागी जिवंत जन्मांची संख्या वापरतात. त्यामुळे काटेकोर भाषेत याला ‘दर’ न म्हणता ‘गुणोत्तर’ म्हणतात.

रुग्णालयात लस घेतलेलेच जास्त का?

सुरुवातीच्या मेसेजकडे परत येऊ. हिशेबासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. गावात 1000 प्रौढ माणसं आहेत. त्यातल्या 900 जणांनी लस घेतली, 100 जणांनी घेतली नाही. साथ आली आणि 30 जण रुग्णालयात दाखल झाले. त्यात लस घेतलेले 18 आणि न घेतलेले 12.

30 पैकी 18 म्हणजे 60 टक्के. ‘दाखल झालेल्यांपैकी 60 टक्के लस घेतलेले’ हे वाक्य खरंच आहे. पण इथे छेद आहे दाखल झालेल्या लोकांचा. आपल्याला जाणून घ्यायचंय ते वेगळं : लस घेतलेल्या माणसावर दाखल होण्याची वेळ किती वेळा येते?

त्यासाठी छेद बदलावा लागतो. लस घेतलेल्या 900 पैकी 18, म्हणजे 2 टक्के. न घेतलेल्या 100 पैकी 12, म्हणजे 12 टक्के. लस न घेतलेल्यांचा दर सहापट निघाला. गावात लस घेतलेलेच इतके जास्त आहेत की कमी दर असूनही त्यांची संख्या मोठी दिसते. गावातल्या सगळ्यांनीच लस घेतली असती तर दाखल झालेल्यांपैकी 100 टक्के लोक लस घेतलेलेच असते!

प्रत्यक्षात तुलना करताना वयही पाहावं लागतं. लस आधी वृद्धांना दिली गेली असेल तर त्या गटाचा धोका मुळातच जास्त असतो. पण पहिली पायरी हीच : ‘कशापैकी टक्के?’

नवे रुग्ण की एकूण रुग्ण?

‘देशात मधुमेह वाढला’ या बातमीचे दोन अर्थ होऊ शकतात. यंदा नव्याने मधुमेह झालेले लोक वाढले, किंवा आज मधुमेह असलेले एकूण लोक वाढले.

पाण्याच्या टाकीसारखं हे आहे. नळातून येणारं पाणी म्हणजे नवे रुग्ण. टाकीत साठलेलं पाणी म्हणजे आत्ता आजारी असलेले सगळे. टाकीतून पाणी दोनच वाटांनी बाहेर जातं : माणूस बरा होतो किंवा मरण पावतो.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात भारतातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचं दिसलं. ही टाकीची पातळी आहे. उलट क्षयरोगाचा नेहमी दिला जाणारा आकडा नळाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात 2015 मध्ये 1 लाख लोकांमागे वर्षाला 237 नवे क्षयरुग्ण होते. 2023 मध्ये ते 195 पर्यंत खाली आले.

हा फरक कळला नाही तर चांगली बातमी वाईट वाटू शकते. एचआयव्हीचं उदाहरण घ्या. औषधोपचार मिळू लागल्यावर एचआयव्हीबाधित लोक अनेक वर्षं जगू लागले. नवे संसर्ग कमी होत असतानाही एचआयव्हीसह जगणाऱ्यांची एकूण संख्या वाढू शकते, कारण लोक मरत नाहीत. टाकी भरलेली दिसते, पण नळ बारीक झालेला असतो.

कोविडचा ‘मृत्यूदर’ किती होता?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण छेद दोन आहेत.

पहिला छेद : तपासणीत सापडलेले रुग्ण. भारतात आजवर सुमारे 4.5 कोटी रुग्ण आणि 5.3 लाख मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. म्हणजे सापडलेल्या 100 रुग्णांमागे साधारण 1.2 मृत्यू.

दुसरा छेद : प्रत्यक्षात संसर्ग झालेले सगळे. यात लक्षणं नसलेले, तपासणी न केलेले, घरीच बरे झालेले लोकही येतात. ही संख्या किती मोठी असू शकते? आयसीएमआरच्या मे-जून 2020 मधल्या पहिल्या रक्तनमुना सर्वेक्षणाचा अंदाज होता की सापडलेल्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्यक्षात 82 ते 130 संसर्ग झालेले होते. तपासण्या कमी असतात तेव्हा बहुतेक गंभीर रुग्णच नोंदले जातात. मग छेद लहान होतो आणि आजार आहे त्यापेक्षा जीवघेणा दिसतो.

अंशाचीही अडचण आहे. मृत्यूसुद्धा मोजायचे राहून जातात. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे 47 लाख मृत्यू जास्त झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. अधिकृत कोविड मृत्यू तेव्हा 5 लाखांच्या आत होते. भारत सरकारने त्या अंदाजाची पद्धत अमान्य केली. मतभेद होता तो अपूर्णांकाच्या वरच्या आकड्याबद्दल.

त्या काळात रोज सांगितला जाणारा ‘बरे होण्याचा दर’सुद्धा असाच जपून वाचायला हवा. साथ ओसरते तेव्हा जवळजवळ प्रत्येक जुना रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा मरण पावलेला. त्यामुळे हा दर साथीच्या शेवटी आपोआप चढतो. त्यावरून उपचार सुधारले असं म्हणता येत नाही.

बाधितांचा दर म्हणजे केलेल्या 100 चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह. तो 5 टक्क्यांच्या खाली दोन आठवडे राहावा, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्ये सुचवला होता. पण हा दर गावातल्या लोकांचा नाही, चाचण्यांचा आहे. ‘बाधितांचा दर 20 टक्के’ म्हणजे गावातला प्रत्येक पाचवा माणूस आजारी असं नव्हे. फक्त लक्षणं असलेल्यांचीच चाचणी होत असेल तर तो चढाच दिसणार.

केरळचा मृत्यूदर बिहारपेक्षा जास्त?

हो, जास्त आहे. 2020 मध्ये दर 1000 लोकांमागे केरळमध्ये वर्षाला सुमारे 7 मृत्यू झाले आणि बिहारमध्ये सुमारे साडेपाच. मग बिहारची आरोग्यव्यवस्था केरळपेक्षा चांगली म्हणायची का?

उत्तर वयात आहे. केरळमध्ये 60 वर्षांपुढचे लोक सुमारे साडेसोळा टक्के आहेत, बिहारमध्ये पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. जिथे आजी-आजोबा जास्त, तिथे मृत्यूही जास्त. केरळमध्ये लोक म्हातारे होईपर्यंत जगतात, म्हणून त्यांचा ढोबळ मृत्यूदर चढा दिसतो. तेच दोन्ही राज्यांतल्या बाळांची तुलना केली की चित्र उलटं होतं. अर्भक मृत्यूदर केरळमध्ये 6, बिहारमध्ये 27.

म्हणून दोन राज्यांची, देशांची किंवा दोन रुग्णालयांची तुलना करताना वयाचा फरक काढून टाकलेला दर वापरतात. दोन्हीकडे वयोगटांची वाटणी सारखीच असती तर दर किती आला असता, हे गणिताने काढतात. रुग्णालयांच्या बाबतीत वयासोबत आजाराची गंभीरताही पाहावी लागते. अत्यवस्थ रुग्ण जिथे पाठवले जातात त्या मोठ्या सरकारी रुग्णालयातला मृत्यूदर छोट्या नर्सिंग होमपेक्षा जास्त असणारच. तेवढ्यावरून तिथले डॉक्टर वाईट ठरत नाहीत.

‘धोका दुप्पट’ : पण किती वरून किती?

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हा शब्द ठळक मथळ्यांत झळकला. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या.

प्रत्यक्ष आकडा काय होता? आधीच्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्या 7000 स्त्रियांपैकी साधारण एकीला गुठळीचा त्रास व्हायचा. नव्या गोळ्यांमुळे तो 7000 पैकी दोघींना होणार होता. म्हणजे 7000 स्त्रियांमागे एक जास्त. ‘दुप्पट’ खरंच होतं आणि ‘7000 मागे एक जास्त’ हेही तितकंच खरं होतं. लोकांपर्यंत पोचलं ते फक्त पहिलं.

गोळ्या सुटल्या, नको असलेली गर्भधारणा वाढली. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13 हजार गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. यातली सगळ्यात दुःखद गोष्ट म्हणजे गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

हीच युक्ती जाहिरातीत उलटी वापरली जाते. ‘हृदयविकाराचा धोका 50 टक्के कमी!’ समजा, औषध न घेणाऱ्या 100 लोकांपैकी दोघांना झटका येत होता आणि औषध घेणाऱ्यांत एकाला आला. 2 वरून 1, म्हणजे 50 टक्के घट. पण याचाच अर्थ असा की एकाचा झटका टाळण्यासाठी 100 जणांनी औषध घ्यायचं. ते घ्यावं की नाही हे प्रत्येकाच्या प्रकृतीवर ठरेल. पण निर्णयासाठी दोन्ही आकडे समोर हवेत.

‘पाच वर्षं जगण्याचा दर’ वाढला म्हणजे जीव वाचले का?

कर्करोगाच्या बातम्यांत हा दर हमखास असतो : निदान झाल्यापासून पाच वर्षांनी किती टक्के रुग्ण जिवंत होते. इथे घड्याळ सुरू होतं ते निदानाच्या दिवशी, आणि गोम तिथेच आहे.

समजा, एका माणसाला 62 व्या वर्षी त्रास सुरू झाला, निदान झालं आणि 65 व्या वर्षी तो गेला. तो पाच वर्षं जगला नाही. आता समजा, तपासणी शिबिरात त्याचं निदान 58 व्या वर्षीच झालं असतं आणि तरीही तो 65 व्या वर्षीच गेला असता. आता तो ‘सात वर्षं जगला’ असं मोजलं जाईल. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, दर मात्र सुधारला.

दुसरी गोम दक्षिण कोरियात दिसली. तिथे 1999 मध्ये कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण थोडे जास्त पैसे भरून लोक तीही करून घेऊ लागले. 2011 मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचा दर 1993 च्या तुलनेत 15 पट झाला. त्या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र जिथल्या तिथे राहिला. याचा अर्थ, कधीच त्रास देणार नव्हत्या अशा बारीक गाठी मोठ्या प्रमाणात शोधल्या जात होत्या. बहुतेकांची थायरॉइड ग्रंथी काढली गेली आणि त्यांना आयुष्यभर गोळ्या लागल्या. 2014 मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी जाहीरपणे सावध केलं, त्यानंतर वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे 35 टक्क्यांनी घटल्या.

म्हणजे तपासणी वाईट असं नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारख्या आजारांत वेळेवर तपासणीने जीव वाचतात. पण ते सिद्ध होतं लोकसंख्येतला मृत्यूदर खाली आल्यावर. निदानानंतर जगण्याचा दर वाढणं हा त्याचा पुरावा नाही.

जे मोजलंच नाही त्याचं काय?

महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण गडचिरोलीचं आहे. दुर्गम गावात घरीच जन्मलेलं आणि काही दिवसांत घरीच दगावलेलं बाळ अनेकदा कुठल्याच नोंदीत येत नाही. ना जन्म, ना मृत्यू. कागदावर दर चांगला दिसतो.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी गावोगावी जन्म-मृत्यूंची स्वतंत्र मोजदाद उभी केली. 1993-95 मध्ये, काम सुरू करण्याआधी, त्यांच्या निवडक गावांत नवजात मृत्यूदर 62 होता. म्हणजे जन्मलेल्या 1000 बाळांपैकी 62 बाळं पहिल्या 28 दिवसांतच जात होती. मग 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत महिला घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी हा दर 25 वर आला. तुलनेसाठी ठेवलेल्या 47 गावांत तो 60 च्या आसपासच होता. 1999 मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला त्यांचा आधार मिळाला.

आधी नीट मोजलं नसतं तर 62 दिसले नसते, आणि 62 दिसले नसते तर 25 वर आले हेही कळलं नसतं. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातला बालमृत्यूंचा आकडा अचानक वाढला तर ‘परिस्थिती बिघडली का?’ यासोबत ‘आता नीट मोजायला लागले का?’ हेही विचारायला हवं.

मृत्यूंची नोंद अपुरी राहते म्हणूनच एसआरएस फक्त नोंदवहीवर विसंबत नाही. निवडलेल्या भागांत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो आणि दर सहा महिन्यांनी दुसरी व्यक्ती स्वतंत्रपणे घरोघरी जाऊन तपासते. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात.

लहान संख्या, मोठ्या उड्या

एका लहान रुग्णालयात वर्षाला एक विशिष्ट शस्त्रक्रिया चार वेळा होते आणि एक रुग्ण दगावतो. मृत्यूदर 25 टक्के. पुढच्या वर्षी कोणी दगावत नाही. मृत्यूदर शून्य. यातून काहीच शिकता येत नाही, कारण चार या संख्येत नशिबाचा वाटा फार मोठा असतो.

म्हणूनच माता मृत्यूंचा आकडा एसआरएस तीन वर्षांचा मिळून देते. गोव्यासारख्या लहान राज्यांचा अर्भक मृत्यूदरही तीन वर्षांचा मिळून काढतात. ‘आमच्या तालुक्यात यंदा मृत्यूदर दुप्पट झाला’ अशी बातमी वाचली तर आधी मूळ संख्या पाहा. ती एकाची दोन झालेली असू शकते.

फॉरवर्ड करण्याआधी सहा प्रश्न

1. किती जणांमागे? 100, 1000 की 1 लाख?
2. छेदात कोण आहे? सगळे लोक, फक्त चाचणी झालेले, की फक्त दाखल झालेले?
3. किती काळात? आणि आकडा नव्या रुग्णांचा आहे की एकूण रुग्णांचा?
4. तुलना केलेल्या दोन गटांचं वय आणि आजाराची गंभीरता सारखी आहे का?
5. ‘दुप्पट’ किंवा ‘निम्मा’ म्हणजे किती वरून किती?
6. मूळ संख्या किती मोठी आहे, आणि मोजणीतून कोण सुटलं असेल?

या सहांपैकी एकाचंही उत्तर मेसेजमध्ये नसेल तर तो पुढे पाठवायची घाई करू नका. आणि असा आकडा वाचून तुमची किंवा घरच्या कुणाची सुरू असलेली गोळी बंद करावीशी वाटली तर आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : ‘ही गोळी घेणाऱ्या माझ्यासारख्या 1000 जणांपैकी किती जणांना हा त्रास होतो? आणि न घेणाऱ्या 1000 पैकी किती जणांचं काय होतं?’